अमेरिकेतली गाडी आणि युरोपातली गाडी: नाव एकच, मग फीचर्स वेगळी का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी गाड्यांच्या लाइटिंगमध्ये काम करतो. शिक्षण आणि पहिली नोकरी पुण्यात, मग सहा वर्षं मिशिगन आणि आता बरीच वर्षं श्टुटगार्टच्या जवळ. त्यामुळे न्यू जर्सीतला मावसभाऊ असो की म्युनिकला नवीन आलेली मुलं असोत, गाडी घ्यायची वेळ आली की फोन येतो आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एकच आहे, फीचर्सची लिस्ट बघताना "कोणाला जास्त दिलं" हे मोजत बसू नका, प्रत्येक गोष्ट कुठून आली ते बघा. ती कायद्याने आलीय का, टॅक्समुळे आलीय का, की तिथल्या लोकांना तशीच सवय आहे म्हणून आलीय. हे कळलं की अर्ध्या शंका आपोआप मिटतात.

अमेरिकेत सगळं भरलेलं मिळतं आणि युरोपात बेस मॉडेल इतकं रिकामं, असं का?

कारण गाडी विकायची पद्धतच वेगळी आहे. अमेरिकेत माणूस शनिवारी सकाळी डीलरकडे जातो, बाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांमधली एक पसंत करतो आणि संध्याकाळी ती चालवत घरी येतो. त्या गाड्या डीलरने स्वतःचे पैसे अडकवून आणलेल्या असतात, मग तो अशाच गाड्या मागवणार ना ज्या कोणालाही खपतील, म्हणजे ऑटोमॅटिक, एसी, क्रूझ कंट्रोल, अलॉय व्हील, शक्यतो लेदर किंवा लेदरसारखं काहीतरी. कंपनीपण मग तीन-चार ट्रिम (म्हणजे व्हेरिएंट) आणि दोन-तीन पॅकेज एवढंच ठेवते. तुम्हाला फक्त गरम होणारी सीट हवी असेल तरी तिच्याबरोबर सनरूफ आणि भारीतली म्युझिक सिस्टीम घ्यावी लागते कारण ते सगळं एकाच पॅकेजमध्ये बांधलेलं असतं.

जर्मनीत बरेच लोक गाडी ऑर्डर देऊन बनवून घेतात. वेबसाइटवर एकेक गोष्टीवर टिक करत जायचं, मग काही महिने थांबायचं. मी इथे पहिल्यांदा शोरूममध्ये गेलो तेव्हा सेल्समनने माझ्यापुढे जाडजूड प्राइस लिस्ट ठेवली, त्यात मागच्या सीटचं आर्मरेस्ट वेगळं, सीटची कंबरेची अॅडजस्टमेंट वेगळी, आरसे बटणाने मिटायला हवे असतील तर ते वेगळे, डिक्कीतलं जाळं वेगळं. आणि जी गाडी अमेरिकेत मी कधी लेदरशिवाय पाहिलीच नव्हती ती इथे कापडी सीट, लोखंडी चाकं आणि वर प्लास्टिकचे व्हील कप अशी उभी होती. मला तेव्हा वाटलं हे लोक किती कंजूष आहेत, पण ते चूक होतं. इथला माणूस ज्याचा उपयोग आहे त्याचेच पैसे देतो. महागडं इंजिन घेऊन वर कापडी सीट घेणारे लोक इथे आहेत, छोट्या इंजिनात सगळी चैन घेणारेपण आहेत, आणि मागचा मॉडेलचा बॅज लावूच नका असं ऑर्डरमध्ये सांगता येतं म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही तुम्ही कुठलं इंजिन घेतलंय.

टॅक्सचापण हात आहे. जर्मनीत कंपनीने दिलेली पेट्रोल-डिझेल गाडी घरच्या कामाला वापरली तर तिच्या लिस्ट प्राइसचा १ टक्का दर महिन्याला तुमच्या पगारात धरून त्यावर इन्कम टॅक्स लावतात. ऑप्शन वाढवला की लिस्ट प्राइस वाढली, म्हणजे दर महिन्याला टॅक्स वाढला. त्यामुळे लोक विचार करून टिक करतात.

मग अमेरिकेत साधी गाडी मिळतच नाही का?

मिळायची. २००९ मध्ये निसान व्हर्साचं एक बेस मॉडेल ९,९९० डॉलरला होतं, त्यात एसी नाही, रेडिओपण नाही. युरोपातलं असंच उदाहरण म्हणजे डाचिया सँडेरो, २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं अॅक्सेस मॉडेल ५,९९५ पौंडाला आलं, रेडिओ नाही आणि रंग फक्त पांढरा. फरक एवढाच की डाचियासारखी गाडी युरोपात लोक आवडीने घेतात आणि अमेरिकेत तशी गाडी शोरूममध्ये पडून राहते.

किमतीची तुलना कशी करायची? युरोपात सगळं महागच वाटतं.

आपल्याकडे एक्स-शोरूम आणि ऑन रोड असतं ना, तसाच घोळ इथे आहे. युरोपातल्या किमतीत व्हॅट धरलेला असतो, जर्मनीत तो १९ टक्के. अमेरिकेतल्या स्टिकरवर सेल्स टॅक्स नसतो, तो राज्याप्रमाणे वर लागतो, शिवाय गाडी कारखान्यातून डीलरपर्यंत आणायचा खर्च वेगळा लावतात. आधी हे सगळं एका पातळीवर आणा, मग फीचर्स मोजा. तरीही अमेरिकेत तेवढ्याच पैशात जास्त फीचर्स मिळतात हे बऱ्याच वेळा खरं आहे, ते नाकारत नाही.

अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल का असतो?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेच्या नियमात, म्हणजे फेडरल सेफ्टी स्टँडर्ड १०८ मध्ये, मागचा इंडिकेटर लाल किंवा पिवळा दोन्ही चालतो. युरोपात तो पिवळाच लागतो. आता लाल चालतोय म्हटल्यावर कंपनी काय करते, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात बसवते, एक दिवा वाचतो, वायरिंग वाचतं, डिझाइनवाल्यालाही लाल-लाल एकसारखी पट्टी आवडते. म्हणून युरोपात पिवळा इंडिकेटर असलेली तीच गाडी अमेरिकेत लाल इंडिकेटर घेऊन येते.

रस्त्यावर याचा काय अर्थ होतो ते सांगतो. मिशिगनमध्ये अॅन आर्बरजवळ आय-९४ हायवेवर नोव्हेंबरच्या पावसात मी एका पिकअप ट्रकच्या थोडं मागे, डावीकडच्या लेनमध्ये होतो. त्याने ब्रेक दाबला होता आणि डावीकडे यायचा इंडिकेटरपण दिला होता. ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असले की ब्रेक दाबून इंडिकेटर दिल्यावर एक बाजू लाल स्थिर राहते आणि दुसरी लाल लुकलुकते. त्यात त्याचा उजवीकडचा बल्ब गेलेला. म्हणजे मला दिसत काय होतं, तर पावसात एक लाल दिवा लागतोय-विझतोय. तो ब्रेक मारतोय, की हॅझर्ड लावलेत, की लेन बदलतोय हे कळायला मला जो एक क्षण लागला तेवढ्यात तो माझ्या पुढ्यात आलासुद्धा. काही झालं नाही, पण पिवळा दिवा असता तर विचार करायची वेळच आली नसती. पिवळं म्हणजे वळणार, लाल म्हणजे थांबणार, लहान मुलालापण कळतं.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेच्याच रस्ते सुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, २००९ मध्ये एक अभ्यास काढला होता आणि वळताना किंवा लेन बदलताना मागून धडक बसण्याचे प्रकार पिवळ्या इंडिकेटरच्या गाड्यांमध्ये साधारण ५.३ टक्के कमी आढळले होते. तरी नियम बदललेला नाही आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पिवळे टेललाइट युरोपासाठी बनवलेलेच असतात, नवीन काही शोधायचं नाहीये. तुम्ही अमेरिकेत गाडी घेताना दोन गाड्यांमध्ये अडकला असाल तर मागे पिवळा इंडिकेटर असलेली घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो.

अमेरिकन गाडीच्या बंपरच्या कोपऱ्यात पिवळे आणि लाल छोटे दिवे असतात ते काय आहेत?

ते साइड मार्कर. अमेरिकेत १९६८ पासून पुढच्या कोपऱ्यात पिवळा आणि मागच्या कोपऱ्यात लाल, दिवा किंवा रिफ्लेक्टर सक्तीचा झाला आणि १९७० पासून दोन्ही. रात्री गल्लीतून आडवी येणारी गाडी दिसावी हा उद्देश, आणि इथे अमेरिकेचं डोकं चाललं असं मी म्हणेन, युरोपात कारला ही सक्ती नाही. त्याउलट युरोपात आरशावर किंवा फेंडरवर साइड इंडिकेटर लागतो, जो आपल्याकडे भारतातपण असतो आणि अमेरिकेत सक्तीचा नाही.

आणि हो, युरोपात मागे एक फॉग लाइट सक्तीचा आहे, कडक लाल. बऱ्याच गाड्यांमध्ये तो एकाच बाजूला असतो, त्यामुळे नवीन आलेले लोक दुसऱ्या बाजूचा बल्ब गेला म्हणून गॅरेजला जातात. गेलेला नाही, तो तसाच असतो. दिवसा आपोआप लागणारे लाइट युरोपात २०११ पासून नवीन मॉडेल्सना सक्तीचे, कॅनडात त्याच्याही आधी १९९० च्या सुमारास, अमेरिकेत कंपनीच्या मर्जीवर.

हेडलाइटमध्ये खरंच फरक असतो का? दिसायला तर सारखेच.

काच सारखी, आतला प्रकाश वेगळा. युरोपियन डिप्परचा प्रकाश भिंतीवर पाडला तर वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते आणि आपल्या बाजूला ती थोडी वर चढते. अमेरिकन डिप्परमध्ये वरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून थोडा प्रकाश मुद्दाम वर सोडतात. युरोपात गाडीत माणसं-सामान भरल्यावर हेडलाइट खाली करायची सोय लागते, ते स्टिअरिंगच्या डावीकडचं ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक, भारतात तुम्ही बघितलं असेलच. अमेरिकेत ते बहुतेक नसतंच.

याला मोठा इतिहास आहे. १९४० पासून १९८३ पर्यंत अमेरिकेत फक्त ठरलेल्या साइजचे सीलबंद हेडलाइट चालायचे, बल्ब गेला की अख्खा दिवा बदलायचा. म्हणून त्या काळातल्या अमेरिकन मर्सिडीजला युरोपातल्या मोठ्या सुंदर काचेऐवजी साधे गोल दिवे दिसतात. सित्रोएन डीएसचे स्टिअरिंगबरोबर वळणारे आणि काचेआड असलेले हेडलाइट अमेरिकेत चालले नाहीत, तिथे ते उघडे आणि स्थिर केले. फोर्डने सरकारकडे मागणी लावून धरली आणि १९८४ च्या लिंकन मार्क ७ वर पहिल्यांदा बल्ब बदलता येणारा, गाडीच्या आकारात बसणारा हेडलाइट आला. तसंच पुढे अॅडाप्टिव्ह लाइटचं झालं. अप्पर लावूनच गाडी चालवायची आणि समोरच्या गाडीपुरता प्रकाश आपोआप कापला जातो, हे युरोपात २०१३ च्या ऑडी ए८ मध्ये एलईडीने होत होतं, आणि अमेरिकेने त्याला परवानगी दिली फेब्रुवारी २०२२ मध्ये. तोपर्यंत तोच महागडा दिवा अमेरिकेत ते फीचर बंद करून विकला जायचा.

अमेरिकेत डावा आरसा सपाट का वाटतो?

कारण नियमच तसा आहे, ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट हवा, त्यात गाडी खऱ्या अंतरावर दिसते पण बाजूची लेन कमी दिसते. दुसऱ्या बाजूचा फुगीर चालतो पण त्यावर "दिसतंय त्यापेक्षा वस्तू जवळ आहे" अशी इंग्रजीतली ओळ लिहावी लागते. युरोपात दोन्ही फुगीर चालतात. अमेरिकेतून इथे आल्यावर पहिले काही दिवस डाव्या आरशातल्या गाड्या लांब वाटतात आणि ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या हायवेवर, ते धोक्याचं आहे, सवय होईपर्यंत मान वळवून बघा.

दोघे मिळून एकच नियम का करत नाहीत?

करायचा प्रयत्न अनेकदा झालाय. मूळ पद्धतच वेगळी असल्यामुळे अडतं. युरोपात गाडी बाजारात यायच्या आधी सरकारमान्य यंत्रणा ती तपासून मंजुरी देते, म्हणून प्रत्येक दिव्यावर, काचेवर, सीटबेल्टवर गोलातलं इंग्रजी ई आणि आकडा असतो, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. हे १९५८ च्या जिनिव्हा करारातलं आहे आणि एका देशाची मंजुरी दुसरा मानतो. अमेरिका त्या करारात नाही. तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते की आम्ही नियम पाळलेत, सरकार नंतर बाजारातून गाडी उचलून तपासतं आणि चूक सापडली तर रिकॉल. तिथल्या दिव्यावर डॉट (DOT, अमेरिकेचं वाहतूक खातं) ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. मोबाईलचा टॉर्च लावून तुमच्या हेडलाइटची काच बघा, काही ठिकाणी दोन्ही शिक्के असतात, म्हणजे तो दिवा दोन्हीकडे चालतो.

जुन्या अमेरिकन मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूचे बंपर इतके बाहेर आलेले का?

१९७३-७४ च्या मॉडेल्सपासून अमेरिकेत ताशी ५ मैल वेगाने धडकलं तरी गाडीच्या दिव्यांसारख्या सुरक्षेच्या भागांना इजा व्हायला नको असा नियम आला. बंपरमागे शॉक अॅब्झॉर्बर बसवावे लागले, लोखंड वाढलं, वजन वाढलं, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला तर काळ्या रबराचं नाक लागलं. १९८२ मध्ये तो नियम ताशी अडीच मैलांवर आणला. त्यात १९७५ पासून धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, जे युरोपात सगळीकडे यायला १९९० च्या दशकाची सुरुवात उजाडली, त्यामुळे त्या मधल्या काळात अमेरिकन गाडीचा पिकअप कमी असायचा.

सगळं कायद्यामुळेच झालं असंही नाही. १९९५ ची बीएमडब्ल्यू एम३ युरोपात २८६ हॉर्सपॉवरची, अमेरिकेत २४० ची. तिथे किंमत आटोक्यात ठेवायला साधं इंजिन दिलं.

सेफ्टीमध्ये कोण पुढे आहे?

कधी हा, कधी तो. पुढच्या दोन एअरबॅग अमेरिकेत कायद्याने कारना १९९८ च्या मॉडेल्सपासून लागतात. युरोपात त्या आल्या मुख्यतः १९९७ ला सुरू झालेल्या युरो एनकॅपच्या (गाड्या धडकवून तपासणारी संस्था) स्टार रेटिंगच्या दबावामुळे. अमेरिकन एअरबॅगचं डिझाइनपण वेगळं असतं कारण तिथल्या टेस्टमध्ये बेल्ट न लावलेला माणूसही धरावा लागतो, न्यू हॅम्पशायर राज्यात तर मोठ्या माणसाला बेल्टची सक्तीच नाही. टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना अमेरिकेत २००७ पासून सगळ्या नवीन गाड्यांना, युरोपात २०१४ पासून. मागचा कॅमेरा अमेरिकेत मे २०१८ पासून, कारण मागे घेताना गाडीखाली लहान मुलं सापडायची आणि आई-वडिलांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तो कायदा करून घेतला. आणखी एक छोटी गोष्ट, अमेरिकन गाडीच्या डिक्कीत आतून अंधारात चमकणारं एक हँडल असतं, कोणी आत अडकलं तर ओढून बाहेर येता यावं म्हणून, २००१ पासून सक्तीचं. पाच-दहा रुपयांची वस्तू वाटते, पण ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी ती कुठे आहे हे मुलांना दाखवून ठेवावं.

अलीकडे मात्र युरोप पुढे गेलंय. अपघात झाला की गाडी स्वतः ११२ ला फोन करते, हे २०१८ पासून नवीन मॉडेल्सना. आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नवीन कारमध्ये आपोआप ब्रेक, लेन सोडली तर सावरणं, ड्रायव्हरला झोप येतेय का ते बघणं आणि स्पीड लिमिट ओलांडलं की सांगणं हे सगळं सक्तीचं आहे. आपोआप ब्रेकचा नियम अमेरिकेत २०२४ ला झाला आणि अंमल सप्टेंबर २०२९ पासून.

युरोपात भाड्याने घेतलेली गाडी सारखी पीं पीं करते, बिघडलीय का?

नाही, वर लिहिलेलं स्पीड लिमिटवालं फीचर ते. कॅमेरा पाट्या वाचतो, कधी चुकीची वाचतो. बंद करता येतं पण गाडी पुन्हा चालू केली की तेही पुन्हा चालू होतं. भारतात जुलै २०१९ पासून ८० च्या वर वाजणारा बीप आहेच, त्याचंच हे हुशार भावंड समजा. आणि भाड्याची गाडी घेताना ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, इटली-स्पेनमध्ये न सांगता मॅन्युअल हातात पडते.

एकाच नावाची गाडी आतून वेगळी असू शकते का?

अगदी असू शकते. २०११ च्या मॉडेलची फोक्सवॅगन जेट्टा घ्या. अमेरिकेत ती १५,९९५ डॉलरपासून आणायची होती, मग युरोपातल्या जेट्टाला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं) आणि अमेरिकेतल्या जेट्टाला साधं टॉर्शन बीम (दोन्ही चाकं एका आडव्या दांड्याने जोडलेली), बेस मॉडेलला तर मागे ड्रम ब्रेक. पत्रकारांनी आणि मालकांनी प्लास्टिकबद्दलही खूप तक्रार केली आणि काही वर्षांत कंपनीने मल्टिलिंक परत दिलं. त्याच सुमाराला पसाटची अमेरिकेसाठी वेगळीच गाडी केली, टेनेसीमध्ये बनणारी, युरोपातल्या पसाटपेक्षा जवळजवळ १० सेंटिमीटर लांब. अमेरिकेतल्या लोकांना मागे पाय पसरायला जागा हवी होती ती मिळाली. मी दोन्हीत बसलोय, युरोपातल्या गाडीचं दार बंद होतानाचा आवाजच वेगळा, पण लांबच्या प्रवासाला आई-बाबांना घेऊन जायला मी अमेरिकेतलीच घेईन.

उलटंपण होतं. युरोपातली होंडा अकॉर्ड अमेरिकेत अॅक्युरा टीएसएक्स म्हणून महागड्या ब्रँडखाली विकली, २.४ लिटर पेट्रोल आणि भरपूर फीचर्ससकट, आणि युरोपात तीच २ लिटर, डिझेल, स्टेशन वॅगन अशी सगळ्या प्रकारांत मिळायची.

युरोपात इंजिनं इतकी छोटी आणि डिझेल इतकं का होतं?

टॅक्स आणि पेट्रोलची किंमत. इटलीत एके काळी २,००० सीसीच्या वरच्या गाडीवर ३८ टक्के व्हॅट होता, म्हणून फेरारीने २ लिटरची २०८ काढली आणि बीएमडब्ल्यूने इटली-पोर्तुगालसाठी ३२०आयएस. डिझेलला अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा खूप कडक, त्यामुळे ते तिथे फार चाललं नाही, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने डिझेलच्या धुराच्या टेस्टमध्ये केलेली फसवणूक उघड झाल्यावर दोन्हीकडे ओसरलं. अॅव्हरेजची तुलना करताना लक्षात ठेवा, अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन त्याहून मोठा. पंपावरचा ऑक्टेन आकडापण वेगळ्या पद्धतीने काढतात, युरोपातलं ९५ हे अमेरिकेतल्या ९१ च्या आसपास येतं, कमी दर्जाचं पेट्रोल टाकतोय असं वाटून घेऊ नका.

रिमोट स्टार्ट युरोपात का मिळत नाही?

मिशिगनच्या थंडीत स्वयंपाकघरातून बटण दाबून गाडी गरम करायची सवय मलाही होती. जर्मनीत इंजिन विनाकारण चालू ठेवायला वाहतूक नियमात बंदी आहे, म्हणून इथे पेट्रोल-डिझेल गाडीला वेगळा हीटर मिळतो जो इंजिन न लावता गाडी तापवतो. महाग आहे, पण आहे छान.

भारतीय मित्राने अमेरिकेतून व्हॅन आणली म्हणाला, त्यात सीट काढून टाकलेल्या होत्या म्हणे?

ती गोष्ट फोर्ड ट्रान्झिट कनेक्टची असणार. १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या मालवाहू छोट्या गाड्यांवर अमेरिकेत २५ टक्के ड्युटी आहे, मूळ भांडण युरोपाने अमेरिकन कोंबड्यांवर लावलेल्या करावरून झालं म्हणून तिला चिकन टॅक्स म्हणतात. कारवर ती २.५ टक्के होती. म्हणून तुर्कस्तानातून येणाऱ्या व्हॅनला मागे सीट आणि काचा बसवून प्रवासी गाडी म्हणून उतरवायचं आणि बंदरावर त्या सीट काढून मालाची व्हॅन करायची. कोर्टात बरीच वर्षं चाललं आणि २०२४ मध्ये फोर्डने ३६ कोटी ५० लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

मुलाची कार सीट अमेरिकेतून जर्मनीला नेली तर चालेल?

नाही चालणार. इथे सीटवर युरोपियन मंजुरीचं नारिंगी लेबल लागतं, अमेरिकन सीटवर ते नसतं. गाडीतले खालचे हुक बऱ्यापैकी जुळतात म्हणून लोक लावतात, पण कायद्याने ती सीट नाहीच असं धरलं जातं. विमानतळावरून घरी यायच्या आधीच इथली सीट घेऊन ठेवा किंवा टॅक्सीवाल्याला आधी सांगा. यात पैसे वाचवू नका.

अमेरिकेतून जर्मनीत शिफ्ट होतोय, गाडी बरोबर आणू का?

मी आणली होती, म्हणून नीट सांगतो. घरसामानात गाडी ड्युटीशिवाय येते, अट अशी की तुम्ही निदान १२ महिने युरोपियन युनियनच्या बाहेर राहिलेले असावे, गाडी किमान ६ महिने वापरलेली असावी आणि आणल्यावर १२ महिने विकायची नाही. इथपर्यंत सोपं आहे. बोटीने ब्रेमरहाफनला गाडी आली, मी आनंदात. मग इंजिनिअरची तपासणी. तो माणूस शांतपणे गाडीभोवती फिरला, गुडघ्यावर बसून प्रत्येक दिव्याची काच वाचली आणि कागदावर लिहीत गेला. हेडलाइटला ईचा शिक्का नाही. मागे इंडिकेटर लाल. मागचा फॉग नाही. साइड इंडिकेटर नाही. नंबर प्लेटची जागा अमेरिकन १२ बाय ६ इंचाची, इथली लांब प्लेट ५२ सेंटिमीटरची, ती खाचेत बसेना.

लाइटिंगवाल्या माणसाच्या गाडीला लाइटवरूनच अडवलं. एका गॅरेजने सांगितलं युरोपियन टेललाइट सरळ बसतात, मी विश्वास ठेवून ऑर्डर दिली, दिवे बसले पण प्लग वेगळा, वायरिंग वेगळं, गाडीच्या कॉम्प्युटरला मागचा फॉग म्हणजे काय तेच माहीत नाही. आठ आठवडे गाडी तिथे पडून, दर वेळी फोन केला की पुढच्या आठवड्यात. शेवटी दुसऱ्याकडून कोडिंग करून घेतलं. टायरपण बदलावे लागले कारण अमेरिकेतले ऑल सीझन टायर इथल्या हिवाळ्यात चालण्यासाठी त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतं. एवढ्या खर्चात इथे चांगली जुनी गाडी आली असती. त्यामुळे भावनिक कारण नसेल किंवा गाडी अगदी नवीन आणि महागडी नसेल तर तिथेच विकून या. रेडिओचंही बघा, अमेरिकेत एफएमची स्टेशनं ९३.१, ९३.३ अशी विषम आकड्यावरच असतात, माझ्या रेडिओला इथलं ९२.२ लागतच नव्हतं.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर अजिबात आणू नका. चार्जिंगचा प्लगच वेगळा, इथे आणि भारतात सीसीएस २, तिकडे सीसीएस १ किंवा टेस्लाचा. घरी थ्री फेजवर ११ किलोवॉटने चार्ज होणं हेपण अमेरिकन गाडीला जमत नाही कारण ती सिंगल फेजची असते.

आणि भारतात न्यायची असेल तर?

डावीकडे स्टिअरिंग असलेली वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही, नियमातच उजवं स्टिअरिंग, किलोमीटरचा स्पीडोमीटर, डावीकडून चालणाऱ्या ट्रॅफिकसाठीचे हेडलाइट आणि तीन वर्षांपेक्षा जुनी नको असं आहे. म्हणजे अमेरिका आणि जर्मनी दोन्हीकडची गाडी बाद. इंग्लंडवाल्यांचं स्टिअरिंग आणि हेडलाइट त्या नियमात बसतात, पण ड्युटी बघितल्यावर कोणी आणत नाही. बाकी आपले नियम युरोपच्या जवळचे आहेत, पिवळा इंडिकेटर, फुगीर आरसे, हेडलाइट खाली करायचं चाक, भारत स्टेज हे सगळं त्याच वळणाचं, त्यामुळे पुण्यातून जर्मनीत आलेल्या माणसाला गाडी ओळखीची वाटते आणि अमेरिकेत गेलेल्याला दोन महिने लागतात.

युरोपात जुनी गाडी घेताना ती अमेरिकेतून आलेली आहे हे कसं ओळखायचं?

अमेरिकेत अपघातात किंवा पुरात गेलेल्या गाड्या लिलावात घेऊन लिथुआनिया, पोलंडसारख्या देशांत दुरुस्त करून विकतात, म्हणून हे बघायलाच हवं. बंपरच्या पुढच्या कोपऱ्यात पिवळा आणि मागे लाल मार्कर आहे का बघा, विक्रेता कधीकधी बंपर बदलतो. उजव्या आरशाच्या खालच्या कडेला इंग्रजी ओळ आहे का. स्पीडोमीटरवर मोठे आकडे मैलांचे आहेत का. सनशेडवर पिवळ्या पट्टीचं एअरबॅगचं वॉर्निंग स्टिकर आहे का. डिक्की उघडून ते चमकणारं हँडल शोधा, ते सहसा कोणी काढत नाही. यातलं काही सापडलं तर चासी नंबर घेऊन अमेरिकेतला रेकॉर्ड ऑनलाइन काढा, थोडे पैसे लागतात, आणि रेकॉर्ड हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका.